पाण्यावरची फटफटी

आमच्या घराण्याच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर माझा एक फोटो फिरतो आहे. अंगात केशरी लाइफ जॅकेट, डोक्यावर मुलाची टोपी उलटी घातलेली, आणि स्वारी एका निळ्या जेट स्कीवर बसलेली. फोटोवर दोन प्रकारची मतं आली. पुण्याच्या भाच्यांनी "मामा, झकास!" म्हणून अंगठे दाखवले. साताऱ्याच्या वडीलधाऱ्यांनी काही लिहिलं नाही, पण फोनवर मात्र "पैसा फार झाला की असले खेळ सुचतात" असं ऐकवलं. मंडळी, तुम्हा दोन्ही पक्षांशी माझं भांडण आहे. माझ्या चिरंजीवांशी तर आहेच. तो हे वाचणार आहे हे ठाऊक असूनच लिहायला बसलो आहे.

आधी पैशाचा विषय निकालात काढतो. चिरंजीव मिशिगनमध्ये डेट्रॉइटजवळ राहतात, मोटारीच्या धंद्यात इंजिनिअर आहेत, आणि स्वतः मिळवून खर्च करतात. त्या राज्यात अकरा हजारांवर तळी आहेत. जिथं दर दहा मैलांवर पाणी आहे तिथला माणूस पाण्यावर जायची सोय करणारच. आपल्याकडे दारात मोटारसायकल असते तशी तिकडे कित्येकांच्या गॅरेजात ही फटफटी असते. त्यानं ती जुनी, कोणाची तरी वापरलेली घेतली. त्यात उधळेपणा मला तरी दिसला नाही. लोक लग्नात याहून जास्त उडवतात. असो.

माझं भांडण एका शब्दाशी आहे. यंत्र घेतलं तेव्हा चिरंजीव मला फोनवर म्हणाले, "बाबा, फॅमिली रिक्रिएशनसाठी घेतली." कुटुंबाची करमणूक! हा शब्द त्यांचा नव्हे, जाहिरातीतला आहे. जेट स्की हे नाव कावासाकी कंपनीचं. १९७०च्या दशकात त्यांनी हे यंत्र बाजारात आणलं ते एकट्यानं, उभ्यानं चालवायचं. ज्याच्या डोक्यातून ते निघालं तो क्लेटन जेकबसन हा मोटारसायकली पळवणारा गडी. मातीत पडून लागतं, तर पाण्यावर पडू या, असा त्याचा साधा विचार. म्हणजे जन्मानं ही वस्तू एका धाडसी माणसाची. पुढे बसायची सीट आली, मग दोघांची, मग तिघांची. तिसरी सीट आली आणि जाहिरातीत आईबाप नि मूल दिसायला लागलं. यंत्राचा स्वभाव मात्र सीट वाढवल्यानं बदलत नाही.

आता २०२४ सालच्या जुलैमधला प्रसंग सांगतो.

रविवार होता. आम्ही तळ्यावर गेलो होतो. नातू चौदा वर्षांचा, नात नऊ वर्षांची. सूनबाई सँडविचं करत होत्या, मुलांना क्रीम चोपडत होत्या, टॉवेल वाळत घालत होत्या. मी लाकडी धक्क्यावर खुर्ची टाकून बसलो होतो. ही ती कुटुंबाची करमणूक. सकाळपासून एकजण यंत्रावर आणि बाकीचे आपापली पाळी येईपर्यंत काठावर. शेजारच्यांची एक तराफ्यासारखी सपाट, छत असलेली बोट होती. तिच्यावर त्यांच्या तीन पिढ्या बसून हळूहळू फिरत होत्या. आजीबाई विणत होत्या. हेवा वाटला, खोटं कशाला बोलू?

दुपारी नातू निघाला, मागे नात बसली. दोघांच्या अंगात जॅकेट, नातवाच्या मनगटाला ती लाल दोरी, म्हणजे माणूस पडला की दोरी निसटते आणि इंजिन बंद पडतं. सगळं नियमानं. चिरंजीव धक्क्यावरून बघत होते. तिथला कायदा असा की चौदा-पंधराच्या मुलानं सुरक्षेचं प्रमाणपत्र घेतलेलं असावं आणि मोठं माणूस यंत्रावर तरी असावं नाहीतर शंभर फुटांच्या आत तरी. शंभर फूट म्हणजे किती? आमच्या शाळेच्या व्हरांड्याएवढं. नातू त्या व्हरांड्याच्या कधीच बाहेर गेला होता.

पलीकडून एक बाई कायाक वल्हवत येत होत्या. वय माझ्याहून पाच-सात वर्षांनी कमी असेल. नातवाच्या डोळ्यांवर ऊन होतं. त्याला त्या उशिरा दिसल्या. दिसल्याबरोबर त्यानं तेच केलं जे तुम्ही-आम्ही केलं असतं. वेग देणारा खटका सोडला आणि हँडल जोरात वळवलं.

यंत्र वळलं नाही. सरळ गेलं.

कायाकच्या टोकापासून ते हातभर अंतरानं गेलं. लाटेनं कायाक उलटली. बाई जॅकेटमुळे वर आल्या, कायाकला धरून राहिल्या. चिरंजीव पोहत गेले. बाई रागावल्या नाहीत. थरथरणाऱ्या आवाजात त्यांनी आधी मुलीला विचारलं, "तू ठीक आहेस ना?" त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

परत आल्यावर चिरंजीव म्हणाले, "जाऊ दे बाबा, काही झालं नाही ना?" चौतीस वर्षं शाळेत काढली आहेत मी. "काही झालं नाही सर" हे वाक्य खिडकीची काच फोडलेल्या प्रत्येक पोरानं मला ऐकवलेलं आहे.

रात्री मी नातवाला जवळ बसवलं. तो रडकुंडीला आला होता. "आजोबा, मी हँडल वळवलं होतं. खरंच वळवलं होतं." त्याचं खरं होतं. आम्ही दोघांनी यंत्राबरोबरचं पुस्तक उघडलं. मी मराठी आणि इतिहास शिकवणारा माणूस, विज्ञानाची बाजू त्यानं सांभाळली. ह्या यंत्राला सुकाणू नसतं, बाहेर पंखा नसतो. पोटातला पंप तळ्याचं पाणी आत ओढतो आणि मागच्या तोटीतून जोरानं बाहेर फेकतो. हँडल वळवलं की ती तोटी वळते, पाण्याचा फवारा तिरका जातो आणि यंत्र वळतं. म्हणजे वळवणारी वस्तू एकच, फवारा. खटका सोडला की फवारा थांबला. मग हँडल कितीही वळवा, पिचकारीत पाणी नसताना नेम धरण्यासारखं आहे ते. आणि तीनशे किलोंच्या वरचं धूड, त्यावर दोन मुलं, आहे त्या वेगानं सरळ निघालेलं. शे-दीडशे फूट सहज जातं.

सायकल, फटफटी, मोटार, बैलगाडीसुद्धा, काहीही समोर आलं की वेग कमी करून वळायचं हे आपल्या हाडात भिनलेलं असतं. इथे वाचायचं असेल तर वेग ठेवून वळायचं. घाबरलेल्या माणसाला जे सुचतं त्याच्या बरोबर उलटं. हे चौदा वर्षांच्या मुलाला कळेल का? वाचून कळेल. प्रमाणपत्राच्या परीक्षेत हा प्रश्न होता आणि त्यानं बरोबर उत्तर दिलं होतं, तो स्वतःच म्हणाला. आम्हा मास्तरांना ह्याची लाज वाटली पाहिजे. उत्तर बरोबर आलं म्हणजे मुलगा शिकला असं समजून आम्ही पिढ्या पुढच्या वर्गात ढकलल्या.

त्याच राज्यात ह्याच नातवाला उद्या मोटार चालवायची आहे. त्यासाठी आधी शिकवणी, आणि मग आईबापांना शेजारी बसवून ५० तास गाडी चालवायची, त्यातले १० रात्रीचे. पाण्यावरच्या यंत्रासाठी? संगणकावर एक अभ्यासक्रम. आणि गंमत ऐका, प्रमाणपत्राची अट ३१ डिसेंबर १९७८ नंतर जन्मलेल्यांनाच आहे. म्हणजे मी, चौऱ्याहत्तर वर्षांचा, एका डोळ्यात मोतीबिंदू, जन्मात स्कूटरपलीकडे काही न चालवलेला, मला कागदाचा कपटाही लागत नाही. बसा आजोबा, ओढा खटका! यंत्राची ताकद ११० हॉर्सपॉवर. आमच्या गावात ज्या बुलेटच्या आवाजानं म्हशी बुजायच्या ती वीसाच्या आतबाहेरची.

आता भाच्यांना उत्तर. "मामा, आम्ही मालवणला बसलो, कलंगुटला बसलो, काही होत नाही." बाळांनो, तिथे तुमच्या मागे एक पोरगा बसलेला होता आणि हँडल त्याच्या हातात होतं. तुम्ही प्रवासी होतात. दोन फेऱ्यांची मजा आणि मालकी ह्यांत रिक्षात बसणं आणि रिक्षा चालवणं इतका फरक आहे.

"पण लाइफ जॅकेट असतं ना?" हे सगळेच म्हणतात, चिरंजीवही म्हणाले. आम्ही वाईला कृष्णेत कमरेला भोपळा बांधून पोहायला शिकलो. तेव्हा भीती एकच, बुडण्याची. चुकलो तर नाकातोंडात पाणी आपल्याच जायचं. त्यामुळे पाणी म्हटलं की बुडणं आणि बुडणं टळलं की सुटलो, हा हिशेब आपल्या मनात पक्का बसलेला आहे. ह्या यंत्राला तो लागू नाही. १९९८ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळानं ह्या यंत्रांच्या अपघातांचा अभ्यास केला. त्यात निघालं की करमणुकीच्या सगळ्या बोटींमध्ये हीच एक अशी, जिच्यावर मृत्यूचं पहिलं कारण बुडणं नसून आदळणं आहे. जॅकेट घातलेला माणूस तरंगतो, म्हणजे आदळला तरी तरंगतो. जॅकेट घालाच, पण ते घातलं म्हणून पोरांच्या हातात यंत्र देऊ नका.

एक गोष्ट सांगायला संकोच वाटतो, पण नातीच्या जिवाचा प्रश्न आहे. यंत्रावर सीटजवळ एक इशारा चिकटवलेला असतो. शेवटी बसलेला माणूस मागे पडला तर तो त्या फवाऱ्याच्या तोंडासमोर पडतो. पाणी इतक्या जोरानं येतं की शरीरात शिरून आतले अवयव फाटू शकतात. म्हणून सगळ्यांनी खाली जाड रबरी पोहण्याची विजार घालावी असं कंपनीच लिहिते. आमची नात पातळ पोहण्याच्या कपड्यात सगळ्यात मागे बसली होती. त्या इशाऱ्यावर टॉवेल टाकलेला होता. मी वाचून दाखवलं तेव्हा सूनबाई उठून आत गेल्या. थोड्या वेळानं बाहेर आल्या आणि चिरंजीवांना एवढंच म्हणाल्या, "उद्या आणायची विजार. चौघांना."

चिरंजीवांनी दोन मुद्दे मांडले. पहिला, नव्या यंत्रांना ब्रेक असतो. खरं आहे, २००९ पासून सी-डूच्या यंत्रांना तो मिळतो. पण आपलं यंत्र त्यातलं नाही, आणि ब्रेक आहे म्हणून चौदा वर्षांच्या मुलाला फटफटी कोण देतो? दुसरा, "बाबा, तुमचं ऐकायचं तर सगळ्यावरच बंदी घालावी लागेल." मी बंदीवाला नाही. बंद्याही घालून झाल्या आहेत. वॉशिंग्टन राज्यातल्या सान वान परगण्यानं १९९६ मध्ये ही यंत्रंच बंद केली आणि १९९८ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं ती बंदी उचलून धरली. टाहो सरोवरावर १९९९ पासून धूर-तेल ओकणारी जुनी टू-स्ट्रोक इंजिनं चालत नाहीत. ती भांडणं आवाजाची आणि पाण्याच्या स्वच्छतेची होती, रास्तही होती. माझं भांडण सरकारशी नाही, बापाशी आहे. वाहन आहे ते, त्याला खेळणं म्हणायचं नाही. वाहन म्हटलं की आपोआप पुढचे प्रश्न येतात, कोण शिकवणार, किती तास, मागे कोण बसणार. खेळणं म्हटलं की फक्त पाळी कोणाची एवढाच प्रश्न उरतो.

तीन दिवस घरात आमचं बोलणं जेवणापुरतं होतं. चौथ्या दिवशी चिरंजीवच म्हणाले, "बाबा, मग तुम्ही सांगा कसं शिकवायचं." मास्तरला असं विचारल्यावर तो भाव खाणारच. मी म्हटलं, प्रयोग.

पुढच्या शनिवारी सकाळी, तळ्यावर कोणी नसताना गेलो. दुधाचा गॅलनचा रिकामा कॅन दोरीला दगड बांधून मोकळ्या पाण्यात सोडला. नातू पुढे, बाप मागे, नवी विजार घालून. नात माझ्याजवळ धक्क्यावर, गुण लिहायला वही घेऊन. आधी मुद्दाम खटका सोडून हँडल वळवायला सांगितलं, म्हणजे यंत्र कसं सरळ जातं ते हातांना कळावं. कॅन यंत्राखाली गेला. मग म्हटलं, आता खटका धरून वळ. पुन्हा कॅन खाली. डोक्याला कळत होतं, बोटं ऐकत नव्हती, कॅन जवळ आला की खटका आपोआप सुटायचा. नंतर बापाला पुढे बसवलं, म्हटलं इंजिनिअरसाहेब, तुम्ही दाखवा. त्यांच्याही हातून कॅन चेपला. नातीनं वहीत बाबांच्या नावापुढे भलंमोठं शून्य काढलं.

नातवानं सहाव्या खेपेला कॅन वाचवला. मग सलग चारदा. चिरंजीवांना आठ खेपा लागल्या, आणि ते अजून त्याला फॅमिली रिक्रिएशनच म्हणतात.