ताईशानचे शिखर नेमके कोणाचे?

१/ चीनच्या शान्तुंग प्रांतातील ताईशानची उंची जेमतेम १५३३ मीटर. तरीही चीनच्या पाच पवित्र पर्वतांत त्याला अग्रमान आहे. त्याचा इतिहास बहुधा सम्राटांपासून सुरू केला जातो. ही सुरुवातच तपासून पाहायला हवी.

२/ शिखरावर आकाशाची आणि पायथ्याजवळ पृथ्वीची पूजा करून सम्राट आपल्या सत्तेला दैवी मान्यता मिळाल्याचे घोषित करी. इ.स.पू. २१९ मध्ये चिन शी हुआंगने हा विधी केला. पुढील सुमारे बाराशे वर्षांत तो येथे करणारे सम्राट, त्याच्यासह, अवघे सहा.

३/ इ.स.पू. ११० मध्ये हान सम्राट वू याच्या विधीला दरबारी इतिहासकार सिमा तान याला उपस्थित राहता आले नाही. त्या खंतीतच तो मरण पावला. त्याचा पुत्र सिमा चिएन याने पित्याचे इतिहासलेखन पूर्ण केले आणि या विधींवर स्वतंत्र प्रकरण लिहिले. अमरत्वामागे धावणाऱ्या सम्राटाचा भोळेपणाही त्यात लपलेला नाही.

४/ इ.स. ६६६ च्या विधीआधी सम्राज्ञी वू झेत्यानने प्रश्न विचारला: पृथ्वी स्त्रीतत्त्व असेल, तर तिची पूजा केवळ पुरुषांनी का करावी? त्या वर्षी पृथ्वीपूजेत तिने स्वतः भाग घेतला.

५/ इ.स. १००८ मध्ये सोंग सम्राट झेनझोंग येथे आला. त्याआधी काही वर्षे त्याने खितानांच्या लिआओ राज्याला दरसाल चांदी व रेशीम देण्याचा तह केला होता. ‘आकाशातून उतरलेल्या’ पत्रांचा आधार घेऊन त्याने विधी उरकला. त्याच्यानंतर कोणत्याही सम्राटाने तो केला नाही.

६/ पर्वत मात्र ओस पडला नाही. बिश्या युआनजुन या देवीच्या दर्शनासाठी, विशेषतः संततीच्या आशेने, सामान्य स्त्रीपुरुष हजारो पायऱ्या चढत राहिले. मिंग काळात शासन या यात्रेकरूंकडून कर वसूल करी. सम्राटांनी शिलालेख कोरले, बहुतेक यात्रेकरूंची नावे मात्र मागे उरली नाहीत, हा आक्षेप खरा आहे. परंतु ज्या गर्दीवर कर बसवावासा वाटला, ती गर्दी नगण्य कशी म्हणावी?

७/ १९८७ मध्ये युनेस्कोने ताईशानला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, तीही निसर्ग आणि संस्कृती या दोन्ही निकषांवर. शिखराजवळ एक अक्षरही नसलेला उंच शिलास्तंभ आहे. तो कोणत्या सम्राटाने उभारला, यावर विद्वानांचा वाद अद्याप चालू आहे. त्याच वेळी शेजारच्या देवीच्या मंदिरात उदबत्त्या जळत आहेत. ताईशानचा इतिहास सांगताना सुरुवात त्या मंदिरापासून करणे अधिक न्याय्य ठरेल.