अवकाशाचा कंप मोजू. चारीच्या पाण्याचे काय?

औंढा नागनाथ तालुक्यात दुधाळा गावाजवळ ‘लायगो-इंडिया’ ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा साकारत आहे. एप्रिल २०२३मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिच्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा आणि प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाहूनही कमी असा लांबीतील फरक टिपणारी यंत्रणा! आम्हां कलाशाखेच्या मंडळींची मती गुंग व्हावी असेच हे मोजमाप. हिंगोलीसारख्या, १९९९ साली परभणीतून वेगळ्या झालेल्या मागास जिल्ह्याला हा मान लाभला, याचा अभिमान वाटायलाच हवा.

परंतु याच तालुक्यात सिद्धेश्वर धरणही आहे. वरच्या अंगाला, जिंतूर तालुक्यात, पूर्णा नदीवर येलदरी. तेथे वीज निर्माण करून सुटलेले पाणी सिद्धेश्वरात अडते आणि कालव्याने वसमतकडे जाते. पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या अभियंत्यांनी एकाच पाण्याकडून दोन कामे करून घेतली. ‘शाश्वत विकास’ हा शब्द तेव्हा रूढही नव्हता.

वसमतची हळद या पाण्यावर पोसली. हे पीक आठ-नऊ महिने जमिनीत असते. त्याला पाणी हवे, पण साचलेले चालत नाही, कंद कुजतात. काळ्या भारी जमिनीत पाण्याचा अतिरेक झाला, तर रानच चिबड होते. एकीकडे असे, आणि दुसरीकडे चारीच्या शेवटचा शेतकरी पाळीची वाट पाहत बसलेला. दोघांचेही नुकसान एकाच कारणाने होते: चारीत किती पाणी सुटले, हे कोणी मोजत नाही.

कायदा नाही म्हणावे, तर तोही आहे. २००५ साली महाराष्ट्राने शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्थांना घनमापनाने पाणी देण्याचा कायदा केला. तरीही बहुतेक ठिकाणी पाणीपट्टी पिकाच्या क्षेत्रावरच आकारली जाते. एकराचा आकार ठरलेला असेल, तर जास्तीचे पाणी कोण आणि का सोडील? दोष शेतकऱ्याचा नव्हे, पद्धतीचा आहे.

उपाय अवघड नाहीत. चारीच्या तोंडाशी मापक बसवावा, गळके अस्तरीकरण दुरुस्त करावे. ठिबकाला थोडे थोडे पण नियमित पाणी लागते आणि कालवा तर पाळीनेच वाहतो. म्हणून मध्ये शेततळ्याची साठवण हवी. गादीवाफ्यावर ठिबक लावून हळद घेणारे शेतकरी जिल्ह्यात आहेतच. पण अशा कामांना कोनशिला नसते, फीत कापायला कोणी येत नाही. कदाचित म्हणूनच ती रेंगाळतात.

येलदरीच्याही वर, बुलढाणा जिल्ह्यात, खडकपूर्णा धरण झाले आहे. वरून येणारा ओघ आता पूर्वीसारखा गृहीत धरता येणार नाही. अभियांत्रिकी महाविद्यालयांतून दरवर्षी शेकडो तरुण पदवी घेऊन पुण्या-मुंबईची गाडी धरतात. त्यांतल्या चार-दोघांना पाणीवापर संस्थांनी मानधनावर नेमले आणि प्रत्येक पाळीचा हिशेब ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहायला लावला, तर पुढच्या जूनमधील हळदीच्या लागवडीआधीच गावाला आपले पाणी किती, हे कळू शकेल.