कौल आणि प्रमाण

संगणकतज्ज्ञांच्या शंकासमाधानासाठी जेफ ॲटवूड व जोएल स्पॉल्स्की यांनी २००८ मध्ये ‘स्टॅक ओव्हरफ्लो’ हे संकेतस्थळ सुरू केले. तेथे उत्तरांना अनुकूल व प्रतिकूल, दोन्ही मते देता येतात. दुसऱ्याच्या उत्तराला प्रतिकूल मत देणाऱ्याचा स्वतःचाही एक गुण कमी होतो. नकाराची किंमत नकार देणाऱ्यानेही मोजावी, हा दंडक शहाणपणाचाच म्हटला पाहिजे.

उत्तराखालील टिप्पणीची गोष्ट निराळी. तिला केवळ अनुकूल मत देता येते. शिवाय दीर्घकाळ असा नियम राहिला की, टिप्पणीला मत देण्यास १५ गुण पुरत; दुसऱ्याच्या उत्तराखाली आक्षेप लिहिण्यास मात्र ५० गुण लागत. म्हणजे मान डोलावणे सोपे आणि खंडन अवघड! परिणामी चुकीच्या टिप्पणीलाही मते चढत जातात आणि नवखा अभियंता त्या आकड्यालाच सत्याची मुद्रा समजून तीच चूक आपल्या कामात उतरवतो.

मग टिप्पणीलाही प्रतिकूल मत असावे काय? आम्हाला तसे वाटत नाही. त्याने संख्येला संख्या भिडेल. चूक नेमकी कोठे, हे कोणालाच कळणार नाही. त्यापेक्षा कारणासह आक्षेप लिहिण्याची वाट सुकर करावी आणि वाचणाऱ्याने स्वतः पडताळा घ्यावा. संख्येने कौल मिळतो. प्रमाण मात्र युक्तिवादानेच द्यावे लागते.