कंपनीच्या दावणीला कशासाठी?

व्हीपीएन घ्यावं तर कंपनीच्या अ‍ॅपसकटच. वायरगार्ड किंवा ओपनव्हीपीएनसारखे सर्वसाधारण क्लायंट म्हणजे हौशी इंजिनिअरांचा खटाटोप, असं ठासून सांगणारी मंडळी वाढली आहेत. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: सर्व्हर कंपनीचा, तेव्हा अ‍ॅपही तिचंच उत्तम, एक बटण दाबलं की काम झालं, जोडणी तुटली तर इंटरनेट थांबवणारा किल-स्विच, जाहिरातबंदी, देशांची यादी सगळं एका ठिकाणी, सामान्य माणसाने कॉन्फिग फाइलच्या भानगडीत पडू नये. हा सामान्य माणसाचा कळवळा मला मुळीच पटत नाही. आठ-दहा ओळींची फाइल ज्याला झेपणार नाही असं यांनी परस्पर ठरवलं, त्यानेच संगणकावर सर्वाधिकार घेऊन बसणारा बंदिस्त प्रोग्रॅम मात्र डोळे मिटून चालवायचा?

मुळात इथे दोन गोष्टींची गल्लत आहे. सेवा म्हणजे दूरचा सर्व्हर आणि त्याच्याशी जोडून घ्यायची किल्ली. आपल्या बाजूने ती जोडणी करणारं सॉफ्टवेअर, म्हणजे क्लायंट, वेगळं, आणि त्या जोडणीचे नियम खुले आहेत. ओपनव्हीपीएन २००१ पासून आहे. आयकेईव्ही२ विंडोज ७ पासून विंडोजमध्येच मिळतं. वायरगार्ड मार्च २०२० मध्ये लिनक्सच्या ५.६ कर्नलमध्ये दाखल झालं, आणि त्याचा गाभा अवघ्या चार हजार ओळींच्या आसपास. त्याची फाइल नोटपॅडमध्ये उघडून पाहावी. वर ‘इंटरफेस’ या मथळ्याखाली आपली खाजगी किल्ली, पत्ता आणि डीएनएस. खाली ‘पीअर’ या मथळ्याखाली सर्व्हरची सार्वजनिक किल्ली, त्याचा पत्ता व पोर्ट, आणि कोणता ट्रॅफिक व्हीपीएनच्या बोगद्यातून न्यायचा याची एक ओळ. कंपनी बदलली की फाइल बदलायची. क्लायंट तोच राहतो, हाताची सवयही तीच. कंपनीच्या अ‍ॅपमध्ये हेच सगळं आत गाडलेलं असतं. बँकेचं अ‍ॅप बोगद्याबाहेर ठेवलं, घरच्या प्रिंटरला सूट दिली, ही सगळी मांडणी दुसऱ्या कंपनीकडे नेता येत नाही. मग सेवा बिघडली, दर वाढले, तरी माणूस निमूटपणे पुन्हा पैसे भरतो. दोन-दोन वर्षांची वर्गणी सवलतीत गळ्यात मारणाऱ्या धंद्याला हेच हवं असतं. २८ एप्रिल २०२२ रोजी सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबरसुरक्षा संस्थेने व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांची माहिती पाच वर्षं जपून ठेवण्याचे निर्देश दिले, आणि जूनमध्ये काही मोठ्या परदेशी कंपन्यांनी भारतातले सर्व्हर हलवले. कुठल्याही सेवेवर अशी वेळ येऊ शकते. त्या वेळी ज्याच्याकडे स्वतंत्र क्लायंट होता, त्याला दुसरीकडची फाइल आणून पुढे जाता येत होतं.

हा वाद मराठीला नवा नाही. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे, तरी पुढे कित्येक वर्षं आपला मजकूर फाँट-सॉफ्टवेअरच्या खाजगी सांकेतिक मांडणीत टाइप होत राहिला. आमच्यात सगळं मिळतं, बाहेरचं हवं कशाला, हाच युक्तिवाद तेव्हाही होता. आज त्या फाइली दुसऱ्या संगणकावर उघडल्या की अक्षरांच्या जागी रोमन खुणांचा कचरा दिसतो, आणि कन्व्हर्टरमधून काढलेला मजकूर ओळ न् ओळ तपासावा लागतो.

कंपनीचं अ‍ॅप जास्त सुरक्षित, असंही म्हणतात. २०१६ मध्ये संशोधकांनी अँड्रॉइडवरची २८३ व्हीपीएन अ‍ॅप तपासली. त्यांतल्या पाऊणशे टक्क्यांत माग काढणाऱ्या त्रयस्थ लायब्रऱ्या होत्या आणि १८ टक्के अ‍ॅप ट्रॅफिक एन्क्रिप्टच करत नव्हती. २०१८ मध्ये दोन नामांकित कंपन्यांच्या विंडोज अ‍ॅपमध्ये असा दोष उघड झाला, की साधा वापरकर्ता खास रचलेली कॉन्फिग फाइल पुढे करून सिस्टिमचे सर्वाधिकार मिळवू शकत होता. चूक ओपनव्हीपीएनची नव्हती, त्याच्यावर चढवलेल्या वेष्टनाची होती. किल-स्विच वायरगार्डच्या विंडोज क्लायंटमध्ये आहे, अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्येही आहे. जाहिराती डीएनएसची ओळ बदलूनही अडवता येतात. जिथे सरकारच व्हीपीएन ओळखून बंद पाडतं, तिथे वेषांतर करणारं खास सॉफ्टवेअर लागतं, हे मान्य. पुण्यातल्या कॅफेच्या वायफायसाठी ते लागत नाही.

तेव्हा वर्गणी भरण्याआधी वायरगार्ड किंवा ओपनव्हीपीएनची फाइल डाउनलोड करू देतात का, एवढं पाहावं. देत नसतील तर ती सेवा घेऊ नये. फोनवर क्यूआर कोड स्कॅन केला तरी वायरगार्ड चालू होतं. फाइलमध्ये खाजगी किल्ली असते, म्हणून ती व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवू नये. प्रत्येक उपकरणासाठी वेगळी फाइल काढावी, म्हणजे फोन हरवला तर तेवढीच किल्ली रद्द करून बाकीचं सगळं चालू ठेवता येतं.