पडद्यावर पाच-सहा रंग पुरे

चाकणच्या एखाद्या कारखान्यातल्या लाइनवरचा एचएमआय पॅनेल, म्हणजे मशीन चालवायचा पडदाही, आज कागदोपत्री १ कोटी ६७ लाख ७७ हजार २१६ रंग दाखवू शकतो. लाल, हिरव्या, निळ्याच्या प्रत्येकी २५६ पायऱ्या, त्यांचा हा गुणाकार. हे रंग फुकटात मिळतात, म्हणून पॅनेल बनवणारे ते उधळतात. टाकीला निळी छटा, पाइपला चकाकी, सतत फिरणारा हिरवा पंप, कोपऱ्यात लोगो. मशीन बंद पडले की या जत्रेत एक लाल ठिपका लुकलुकतो आणि ऑपरेटरने तो हुडकायचा. वास्तविक त्याच मशीनच्या डोक्यावरचा टॉवर लाइट लाल, पिवळा, हिरवा एवढ्या तीनच रंगांत काम भागवतो, आणि तो अख्ख्या शेडला लांबून कळतो. शॉप फ्लोअरवरच्या पडद्याला राखाडी पार्श्वभूमी आणि अर्थ पक्के ठरलेले पाच-सहा रंग पुरतात. सगळे सुरळीत असताना पडदा फिका दिसावा, रंग उमटला की काहीतरी बिघडले असे समजावे.

ही कुणा एकाची आवडनिवड नव्हे. यंत्रांच्या विद्युत सुरक्षेचे आयईसी ६०२०४-१ हे मानक दर्शक दिव्यांना पाचच रंग देते: धोक्याला लाल, बिघाडाकडे झुकणाऱ्या स्थितीला पिवळा, ऑपरेटरने काही करायलाच हवे तिथे निळा, सुरळीतला हिरवा, बाकीला पांढरा. १९७९ मध्ये अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रात अपघाताच्या पहिल्या काही मिनिटांतच शंभरावर धोक्याच्या सूचना एकदम आल्या आणि त्यातली महत्त्वाची कोणती हे कळेना. तेव्हापासून नियंत्रण कक्षांच्या रचनेचा विचार पालटला. आपल्याकडे तर गोंधळात भर घालायला इलेक्ट्रिकल पॅनेल आहेच. त्यावरचे लाल, पिवळा, निळा हे तीन दिवे तिन्ही फेज हजर असल्याचे सांगतात आणि ब्रेकर चालू असला की लाल दिवा लागतो. म्हणजे भिंतीवरचा लाल ‘ठीक आहे’ म्हणतो आणि शेजारच्या पडद्यावरचा लाल ‘धावा’ म्हणतो! शिवाय युरोपात दर बारा पुरुषांमागे साधारण एकाला लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही. आपल्याकडे हे प्रमाण कमी असले, तरी तीन शिफ्टच्या कारखान्यात असे डोळे असणारच. म्हणून रंगाच्या जोडीला आकार आणि शब्दही हवा.

पेंट शॉपचे काय, असे कुणी विचारेल. गाडीच्या रंगाची छटा जुळते का, हे तिथे मॉनिटरकडे बघून ठरवत नाहीत, स्पेक्ट्रोफोटोमीटरने मोजतात. तपासणीचे कितीतरी औद्योगिक कॅमेरे तर मुळात कृष्णधवल असतात, कारण ओरखडा किंवा चुकलेले भोक शोधायला उजेड-अंधारातला फरक पुरतो. डिझाइन विभागात कोट्यवधी रंग लागतात, तिथे ते जरूर असावेत. दुसरा आक्षेप जास्त खरा आहे: राखाडी पडदा मरगळलेला दिसतो आणि ऑडिटला आलेल्या ग्राहकावर छाप पडत नाही. पण छाप पाडायला रिसेप्शनमधला टीव्ही आहे. लाइनवरचा पडदा रात्रपाळीत पहाटे तीन वाजता पेंगुळलेल्या माणसाला वाचायचा असतो. बोल्टच्या टॉर्कपासून केबलच्या जाडीपर्यंत सगळे पर्चेस ऑर्डरमध्ये लिहिणाऱ्या मोठ्या कंपन्यांनी भोसरीच्या पॅनेलवाल्याला रंगांची यादीही त्याच कागदावर द्यावी.