उंबरठ्यापर्यंत पोहोचणारे आरोग्य

एखाद्या प्रदेशाचे आरोग्य तेथील जिल्हा रुग्णालयाच्या भव्यतेवरून अजमावण्याची जी प्रवृत्ती आपल्या राज्यकारभारात रुजली आहे, ती मला मूलतः सदोष वाटते. कारण व्याधीचा प्रारंभ बहुधा घरातच होतो, आणि तेथे सर्वप्रथम पोहोचू शकते ती गावातलीच एखादी जाणती स्त्री. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० साली जामखेडच्या दुष्काळी मुलुखात कार्यारंभ केला, तेव्हा त्यांनी ज्या स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून सिद्ध केले, त्यांतील अनेकजणी निरक्षर होत्या, अनेकजणी दलित होत्या. पुढे गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ग्रामीण स्त्रियांना नवजात अर्भकाचे श्वास मोजण्यास, त्यास ऊब देण्यास आणि जंतुसंसर्ग ओळखून औषध टोचण्यास शिकविले. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या संशोधनानुसार तेथील नवजात-मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटले. केवढे हे यश, आणि तेही पाड्यावरच्या झोपडीत!

२००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले आणि त्यातून ‘आशा’ सेविका आली. तथापि सरकारी दफ्तरी ती आजही स्वयंसेविकाच गणली जाते, आणि तिचा मोबदला बव्हंशी कामागणिक ठरतो. परिचारिका, आरोग्यसेवक व वैद्यकीय अधिकारी यांच्या बरोबरीने राबणाऱ्या या स्त्रीला नियमित वेतन व निवृत्तीची तरतूद देण्याचा हुकूम शासनाने विनाविलंब काढला पाहिजे.