‘नाकाचं हाड वाढलं’ म्हणजे नेमकं काय?

आरोग्य शिबिरात येणाऱ्या आया-बहिणींच्या पिशवीत हल्ली सीटी स्कॅनची मोठी फिल्म असते. काय झालं विचारलं की उत्तर ठरलेलं : ‘नाकाचं हाड वाढलं म्हणते डॉक्टर.’ कोणतं हाड, कुठे, किती, हे कुणी सांगितलेलंच नसतं. आमचं भांडण या न सांगण्याशी आहे.

या एका वाक्यात तीन वेगळी दुखणी कोंबली जातात. पुष्कळांचा नाकाचा मधला पडदा फक्त वाकडा असतो, ती गाठच नव्हे. काहींच्या नाकात मऊ कोंब वाढतो. आणि थोड्यांना खरोखर हाडाची गाठ असते, तिला ऑस्टिओमा म्हणतात. ही गाठ नाकाभोवतीच्या पोकळ्यांत, म्हणजे सायनसमध्ये होते; सर्वांत जास्त कपाळाच्या सायनसमध्ये. सायनसचे स्कॅन पाहिले तर शंभरात ३ जणांपर्यंत ती सापडते आणि बहुतेकांना तिचा पत्ताही नसतो. ती कॅन्सर नव्हे, पुढे तिचा कॅन्सर होत नाही. वाढतेही फार हळू, वर्षाला सरासरी दीड मिलिमीटरच्या आसपास.

म्हणून अहवालात ‘ऑस्टिओमा’ दिसला की वावर गहाण टाकायला धावू नये. लहान, त्रास न देणारी गाठ डॉक्टर कापत नाहीत; काही काळाने पुन्हा स्कॅन काढून पाहतात. गाठ आहे म्हणून डोकं तिच्यामुळेच दुखतं असंही नाही. रक्तदाब, चष्म्याचा नंबर, अर्धशिशी हे आधी तपासलं पाहिजे.

पण गाठीने सायनसचं तोंड बुजवलं तर आत पू साचतो, कपाळ ठणकत राहतं. डोळा पुढे आला, एकाचे दोन दिसू लागले, नाकाच्या एकाच बाजूने स्वच्छ पाणी टपकू लागलं, तापासोबत मान ताठ झाली, तर त्याच दिवशी मोठं हॉस्पिटल गाठायचं. अशी गाठ काढावी लागते. अनेकदा नाकातूनच, दुर्बिणीने. तरुण माणसाच्या जबड्यात किंवा कवटीत अशा अनेक गाठी असतील आणि घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर झाला असेल, तर आतड्याची तपासणीही करून घ्यावी.

आमच्या बाया हे सगळं अंगावर काढतात. निंदणाच्या दिवसांत रोजी बुडवून दवाखान्यात कोण जाईल? किराणा दुकानातली गोळी, डोक्याला घट्ट रुमाल, आणि चालली वावरात. दुखणं हटलं नाही की कुणीतरी बाहेरची बाधा सांगतो. १९५६ साली नागपुरात बाबासाहेबांनी ज्यातून आपल्याला बाहेर काढलं, तिथे एका डोकेदुखीपायी परत जायचं?

विनयपिटकाच्या महावग्गात जीवक वैद्याची कथा आहे. साकेतच्या एका सेठाची बायको ७ वर्षं डोकेदुखीने बेजार होती. मोठमोठे वैद्य सोनं घेऊन गेले, गुण आला नाही. जीवकाने आधी काही न घेता तपासलं, औषधी तूप नाकातून दिलं आणि तिला बरं केलं. (आज कुणी नाकात तूप ओतू नये!) आम्हाला त्यातली मोलाची वाटते ती रीत : आधी तपासणी, मग औषध, पैसा शेवटी.

आपल्या जिल्ह्यात सेवाग्रामला कस्तुरबा हॉस्पिटल आहे, सावंगीला विनोबा भावे रुग्णालय आहे. दोन्हीकडे कान-नाक-घशाचा विभाग आहे. ऑपरेशन सांगितलं तर पैसे भरण्याआधी रेशनकार्ड घेऊन आरोग्यमित्राला गाठा आणि ते महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसतं का, हे विचारा.

आणि डॉक्टरांसमोरून उठण्याआधी अहवालाच्या मागे मराठीत लिहून मागा : गाठीचं नाव, जागा, किती मिलिमीटर, पुढचा स्कॅन कधी. लाजायचं काही कारण नाही, तो तुमचा हक्क आहे. फिल्म घडी न घालता सांभाळून ठेवा. गाठ वाढली की नाही, हे जुन्या फिल्मशी ताडूनच कळतं.